दहाव्या वर्षीही हवीशी वाटेल अशी गाडी

गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला शोरूममध्ये पहिल्या पाच मिनिटांत दोन प्रश्न विचारले जातात : बजेट किती आणि महिन्याला हप्ता किती झेपेल? घरातली चर्चाही याच दोन प्रश्नांभोवती फिरते. मग रंग ठरतो, सनरूफ हवं की नको ते ठरतं आणि दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त गाठला जातो. सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न मात्र राहून जातो. ही गाडी दहा-बारा वर्षं आपल्याला सांभाळता येईल का, आणि दहाव्या वर्षी ती दुरुस्त कोण करेल?

मध्यमवर्गीय घरात घराखालोखालची सगळ्यात मोठी खरेदी गाडीची असते. घराची किंमत बहुधा वाढते, गाडीची दरवर्षी उतरते. म्हणून गाडी घेण्याजोगी आहे की नाही, हे ती ठेवण्याजोगी आहे की नाही यावरून ठरवावं. नवी घ्या किंवा जुनी, लहान घ्या किंवा मोठी, कसोटी हीच लावा. ती कशी लावायची ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी आपलं रनिंग काढा

गेल्या वर्षभरात घरातली माणसं कुठे-कुठे गेली ते एका कागदावर लिहा. कामावर जाणं-येणं, सुट्टीच्या दिवशीची फिरणी, गावाकडच्या फेऱ्या, लग्नकार्यं. यावरून वर्षाचे किलोमीटर ढोबळमानाने निघतात. हा आकडा चार-पाच हजारांच्या आत असेल आणि घराजवळ लोकल, मेट्रो किंवा चांगली बससेवा असेल, तर आधी रिक्षा-टॅक्सीचा वर्षाचा खर्च मांडून पाहा. अनेकदा तोच कमी निघतो. म्हातारे आई-वडील, लहान मूल किंवा रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागणारं माणूस घरात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गाडी गरजेची आहे आणि तो खर्च मनावर ओझं न घेता करावा.

पेट्रोल की डिझेल हेही रनिंगवरूनच ठरतं. उदाहरणादाखल पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. पेट्रोल गाडी १५ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला सुमारे ६ रुपये ९३ पैसे पडतात. डिझेल गाडी २० चं देत असेल तर ४ रुपये ५५ पैसे. बचत सुमारे २ रुपये ३८ पैशांची. डिझेल गाडीला १ लाख २० हजार रुपये जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला ५० हजार किलोमीटर लागतील. वर्षाला २० हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे अडीच वर्षांत सुटतात, आठ हजार फिरणाऱ्याला सहा वर्षांहून जास्त लागतात. आपल्या पंपावरचे दर घालून हाच हिशोब घरी करा.

डिझेलची आणखी एक बाजू आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळून ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर, तेही सिग्नलवर थांबत-थांबत, असं वापरलं तर गाळणी तुंबते. ती बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो. हमरस्त्यावर नेहमी जाणाऱ्यानेच डिझेल घ्यावं.

सीएनजी किलोमीटरमागे स्वस्त पडतो, पण डिकीतली बरीच जागा टाकी घेते. पंपावर रांगेत थांबावं लागतं आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावीच लागते. विजेवरची गाडी घ्यायची असेल तर आधी स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथवर वीज नेण्याची सोसायटीची परवानगी हातात घ्या, बुकिंग नंतर करा. तिच्या बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. गाडीची दहाव्या वर्षाची किंमत त्या बॅटरीच्या तब्येतीवर ठरणार आहे, म्हणून हमीत नेमकं काय बसतं ते शब्दन्‌शब्द वाचा.

किंमत वर्षाची काढा

एक्स-शोरूम किंमत बाजूला ठेवा, ऑन-रोड किंमत धरा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारवर ११ टक्के आणि डिझेल कारवर १३ टक्के रोड टॅक्स एकरकमी लागतो, त्यावरच्या किमतीला दर वाढतो. गाडी विकताना हा टॅक्स कोणी वेगळा मोजून देत नाही.

समजा, गाडी ऑन-रोड १० लाखांना पडली. पाच वर्षांनी ती ५ लाखांना विकली, तर वर्षाला १ लाख रुपये नुसत्या घसाऱ्यात गेले. हा अंदाज फार वावगा नाही. विम्याच्या तक्त्यातही चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. तीच गाडी दहा वर्षं ठेवून २ लाख २० हजारांना विकली, तर वर्षाला ७८ हजार पडले. आणि दुसऱ्या कोणाची पाच वर्षांची गाडी ५ लाखांना घेऊन सात वर्षं वापरली, मग दीड लाखाला दिली, तर वर्षाला ५० हजार. जुन्या गाडीला दुरुस्तीचे वर्षाला १५-२० हजार जास्त धरले, तरी ती स्वस्तच पडते. दर चार-पाच वर्षांनी नवी गाडी घेणारा सगळ्यात महाग वर्षांचे पैसे पुन्हा-पुन्हा मोजत असतो.

कर्जाची मुदत हा दुसरा सापळा. ७ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ११,२६० रुपये येतो आणि व्याज जवळपास २ लाख ४६ हजार जातं. तेच ४ वर्षांत फेडलं तर हप्ता १७,४२० होतो, पण व्याज १ लाख ३६ हजारांवर थांबतं. चार वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडी आपल्या ऐपतीपेक्षा एक पायरी वरची आहे असं समजावं आणि खालचं मॉडेल पाहावं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या लहान गाडीचा भाव करताना तिच्या मालकाने तेव्हा काय मोजले होते ते विचारात घेऊ नका. तीच गाडी आज नवी कितीला मिळते, तिथून खाली मोजत या.

पत्र्याआड काय आहे ते पाहा

बिघडलेलं इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो. मुळातच कमकुवत असलेला सांगाडा मात्र कोणताही मेकॅनिक नंतर मजबूत करून देऊ शकत नाही. म्हणून सुरक्षितता ही पहिल्या दिवशीच विकत घ्यायची गोष्ट आहे.

यासाठी आता आपल्याकडे साधन आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही धडक-चाचणी सुरू झाली. मोठ्यांच्या संरक्षणाला ३२ पैकी आणि मुलांच्या संरक्षणाला ४९ पैकी गुण देऊन त्यावरून तारे ठरतात. नुसते तारे पाहून थांबू नका, दोन्ही गुण पाहा. मागच्या सीटवर नातवंडं बसणार असतील तर दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. शिवाय चाचणी झालेल्या मॉडेलमधल्या सगळ्या सोयी आपण घेत असलेल्या व्हेरियंटमध्ये आहेत का, हे लेखी विचारून घ्या. मोठा स्क्रीन आणि ईएससी यांत निवड करायची वेळ आली तर ईएससी घ्या. घाटातल्या ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की एकेका चाकाला नेमका ब्रेक लावून ती सावरणारी ही यंत्रणा आहे. मागच्या सीटला तिन्ही माणसांसाठी खांद्यावरून येणारे पट्टे आणि बाळाची सीट पक्की बसवणारे आयसोफिक्स हूक आहेत का, तेही हाताने चाचपून पाहा.

जुनी गाडी घेताना उत्पादनाचं वर्ष फार काही सांगतं. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना २०२१ अखेरपासून. त्याआधीच्या बेसिक व्हेरियंटमध्ये एअरबॅग नसूही शकते. किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी घरच्यांसाठी अशी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दहाव्या वर्षीचा मेकॅनिक आजच शोधा

मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी उत्पादन थांबल्यानंतरही दोन दशकं धावत राहिल्या. २०२३ मध्ये त्यांची सेवा संपली. त्या इतक्या टिकल्या, कारण त्यांची रचना साधी होती आणि हात ओळखीचे होते. सुटा भाग मिळत होता आणि तो बसवणारा माणूसही. कोणतीही गाडी दीर्घायुषी होते ती या दोन गोष्टींच्या बळावर.

उलट बाजूही आपण पाहिली आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावचा कारखाना त्यानंतर काही वर्षं केवळ निर्यातीसाठी चालला. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या गाड्या वाईट नव्हत्या, पण कंपनी गेली की गाडीचा पुनर्विक्रीचा भाव पडतो आणि एखाद्या भागासाठी आठवडे थांबावं लागू शकतं. म्हणून खपाच्या तळाशी असलेलं मॉडेल किंवा नुकतीच आलेली कंपनी निवडताना दहा वर्षांचा विचार करा.

तपासायचं कसं? बुकिंगच्या आधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा आणि पाच गोष्टींच्या किमती लिहून घ्या : क्लच सेट, पुढचा हेडलाइट, पुढचा बंपर, एसीचा कॉम्प्रेसर आणि चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर. सगळ्या एलईडी हेडलाइटच्या एका बाजूची किंमत ऐकून पुष्कळांचा विचार बदलतो. मग आपल्या तालुक्याच्या गावातल्या जाणत्या गॅरेजवाल्याला विचारा, “ही गाडी तुमच्याकडे येते का? हिचं काय जास्त निघतं?” रोज दहा बॉनेट उघडणारा माणूस जे सांगेल ते कोणत्याही जाहिरातीत मिळणार नाही.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर प्रकार समजून घ्या. एएमटीमध्ये नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. म्हणून तो तुलनेने स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच चालवायला मऊ असतात, पण बिघडले तर काम जाणकाराकडेच न्यावं लागतं आणि बिलही त्या मानाने येतं. वाढीव वॉरंटी कुठे घ्यायचीच असेल तर अशा गाडीवर घ्या.

टेस्ट ड्राइव्हला सगळं कुटुंब न्या. पाच माणसं, एसी चालू आणि चढाचा रस्ता. मोकळ्या सपाट रस्त्यावर एकट्याने चालवलेली लहान इंजिनाची गाडी छानच वाटते, ती भरल्या गाडीने कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना काय करेल ते असं चालवल्याशिवाय कळत नाही. आईला मागे बसता-उतरताना गुडघा दुखतो का, हेही तेव्हाच विचारा.

जुनी गाडी पाहताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहायला जा. विकणाऱ्याला आधी सुरू करू नका म्हणून सांगा आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असावं. ऑइलचं झाकण उघडा, आतल्या बाजूला दुधट चिकटा असेल तर व्यवहार तिथेच सोडा.

अपघात लपवलेला असेल तर तो बोल्टवर दिसतो. बॉनेट, दारं आणि फेंडर यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग उघडले गेले आहेत. सगळ्या काचांवरचं उत्पादनवर्ष जुळतं का पाहा. टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. मीटरवर ३० हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत असेल, तर मीटर मागे घेतलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींशी ताडून पाहा.

पुरात बुडालेली गाडी ही सगळ्यात मोठी फसवणूक. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण, अशा प्रत्येक पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा आणि मॅटखालचा पत्रा इथला गंज व कुबट वास लपत नाही. बुडालेल्या गाडीचं वायरिंग महिनोन्‌महिने नवनवे त्रास काढत राहतं.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आली. त्या किमतीत तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्रातला रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च मिळवा, मग तुलना करा.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलन थकलंय का आणि चासी नंबर जुळतो का हे पाहा. पैसे देतानाच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. त्याच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. यात ढिलाई नको. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे विकणाऱ्यानेही ट्रान्सफर झाल्याची खात्री करूनच निश्चिंत व्हावं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, तो जुन्या मालकाकडेच राहतो.

घेतली ती टिकवा

टिकवण्यासाठी फार काही करावं लागत नाही, वेळच्या वेळी करावं लागतं. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मुदतीत, किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि घाट उतरताना ब्रेक दगा देऊ शकतात. कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतू नका. आपल्या इंजिनाला टायमिंग चेन आहे की बेल्ट ते विचारून ठेवा. बेल्ट असेल तर सांगितलेल्या किलोमीटरला बदला, तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा पत्रा खाते. पावसाळ्याआधी खालून अँटीरस्ट करून घ्या आणि समुद्रकाठच्या वाळूतून आल्यावर गाडी खालूनही धुवा. दारांच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली गाडी असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला इंधनाचे रबरी पाइप तपासायला सांगा. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं तर लगेच इंजिनावर शंका घेऊ नका.

हप्ता संपला की त्यातले दोन-तीन हजार दरमहा गाडीच्या नावाने बाजूला टाकत जा. टायर, बॅटरी, क्लच हे खर्च येणारच आहेत आणि पैसे तयार असले की माणूस काम पुढे ढकलत नाही. प्रत्येक बिल एका फाइलमध्ये ठेवा. विकताना ती फाइलच भाव मिळवून देते.

केव्हा सोडायची

४० हजारांचं काम निघालं की पुष्कळजण म्हणतात, “गाडीची किंमत दीड लाख, तिच्यावर इतके घालायचे कशाला?” हा हिशोब चुकीच्या बाजूने मांडलेला आहे. दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी करू नका, नव्या गाडीच्या पुढच्या वर्षभराच्या खर्चाशी करा. नव्या गाडीचं पहिलं वर्ष घसारा आणि व्याज मिळून सहज दीड-दोन लाख घेतं. ४० हजारांत जुनी गाडी आणखी दोन वर्षं भरवशाने चालणार असेल, तर दुरुस्तीच शहाणपणाची. मात्र आधीच्या वर्षी किती घातले, ते या निर्णयात आणू नका. गेलेला पैसा गेला, पुढचा किती जाणार एवढंच पाहा.

१५ वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी संपते. आरटीओत तपासणी होऊन ती पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ५ हजार रुपये आहे, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १० हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. धडधाकट गाडीसाठी हा खर्च जड नाही. मोडीत काढायची झाली तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्या. नव्या गाडीच्या करात त्या प्रमाणपत्रावर सवलत मिळू शकते.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र आकडेमोड करत बसू नये. पहिली, गंजाने सांगाडा धरला आहे, म्हणजे सस्पेन्शन जिथे बसतं तो पत्रा किंवा दारांखालचा भाग पोखरला आहे. वरून वेल्डिंग करून आणि रंग मारून तो आतून बरा होत नाही. दुसरी, गाडी वारंवार रस्त्यात बंद पडते किंवा तिच्या ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भरवसा वाटत नाही, आणि मेकॅनिकला कारण सापडत नाही. वर्षाची किंमत, व्याज, घसारा हे सगळे हिशोब ज्या माणसांसाठी करायचे, ती त्याच गाडीत बसलेली असतात. तेव्हा अशी गाडी काढून टाकावी आणि तिच्यातला दोष न लपवता काढावी, म्हणजे तिच्यात दुसऱ्या कोणाचीही माणसं बसणार नाहीत.